त्याला बरी अद्दल घडली!

वाचकांचे प्रश्न

नाटक, सिनेमा आणि मालिकांतल्या नावडत्या पात्रांबद्दल गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. इंदूर आणि आसपासच्या माळव्यातून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत. नावं छापू नयेत अशी बहुतेकांची विनंती होती, म्हणून फक्त ठिकाणं दिली आहेत. उत्तरं नाट्यलेखन आणि मानसशास्त्र शिकवणाऱ्या दोघांनी मिळून लिहिली आहेत.

संध्याकाळच्या मालिकेतली कारस्थानी मोठी जाऊ परवा भर समारंभात तोंडघशी पडली. आमच्या घरी सासूबाईंपासून मुलीपर्यंत सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. नंतर वाटलं, दुसऱ्याची फजिती बघून एवढा आनंद का व्हावा? हा मनाचा कोतेपणा आहे का?
(रामबाग, इंदूर)

एक अदलाबदल करून बघा. तोच समारंभ, तेच पाहुणे, तसाच अपमान, पण तो त्या साध्याभोळ्या धाकट्या सुनेचा झाला. टाळ्या वाजल्या असत्या? सासूबाईंनी चॅनल बदललं असतं. अपमान दोन्हीकडे सारखाच आहे. फरक पडतो तो ज्याच्या वाट्याला आला त्याने आधी काय करून ठेवलं होतं, याने.

डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात याची नीट मांडणी केली. त्याच्या मते प्रेक्षक मनातल्या मनात सतत निवाडा करत असतो. पात्राचं प्रत्येक वागणं आपण बरोबर की चूक ते ठरवतो, त्यावरून ते पात्र आवडतं किंवा डोक्यात जातं. मग आवडत्याचं भलं व्हावं आणि नावडत्याची जिरावी अशी अपेक्षा धरून आपण बसतो. ती पुरी झाली की आनंद, मोडली की चडफड. नावड जितकी कडक तितका आनंद मोठा, पण एका अटीवर: जे झालं ते त्या पात्राच्या करणीला साजेसं वाटलं पाहिजे.

हे मेंदूतही दिसतं. टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लंडनमध्ये १६ स्त्रिया आणि १६ पुरुषांवर एक प्रयोग केला. आधी पैशांच्या खेळात एकजण सचोटीने वागला आणि एकाने लबाडी केली. नंतर दोघांच्या हाताला वेदना देण्यात आली आणि ती बघणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली. सचोटीच्या माणसाला दुखलं तेव्हा बघणाऱ्यांच्या मेंदूतले वेदनेशी निगडित भाग जागे झाले. लबाडाला दुखलं तेव्हा पुरुषांमध्ये ही सहवेदना जवळजवळ मावळली आणि बक्षीस मिळाल्यावर जो भाग उजळतो तो उजळला. स्त्रियांमध्ये हा फरक तेवढा दिसला नाही. पण तिथे शिक्षा शारीरिक होती, त्यामुळे त्यावरून बायका अधिक क्षमाशील असतात असं कोणी म्हणू नये. तुमच्या घरातल्या टाळ्याही तसं सांगत नाहीत.

आणखी एक कारण शरीराचं आहे. कारस्थान उघड होणार की ती पुन्हा निसटणार, या धाकधुकीत नाडी वाढलेली असते. निकाल लागला तरी ती लगेच उतरत नाही, आणि ती उरलेली खळबळ आता आनंदात मिसळते. हेही झिलमननेच दाखवलं. म्हणून मध्ये जाहिराती आल्या की तोच प्रसंग फिका वाटतो, नाडी तोवर खाली आलेली असते.

कोतेपणा कुठे सुरू होतो? जेव्हा समोरच्याने काही वाईट केलेलंच नसतं, तो फक्त आपल्याहून श्रीमंत, देखणा किंवा यशस्वी असतो, आणि तरी तो पडला की आपल्याला बरं वाटतं. तो मत्सर. मालिकेचे लेखक हुशार असतात, ते दोन्ही एकत्र कालवतात. दुष्ट जावेच्या अंगावर नेहमी सगळ्यांत भारी पैठणी असते. तेव्हा परवाच्या टाळ्यांतली एखादी टाळी पैठणीसाठीही असू शकेल.

माझा नातू चार वर्षांचा आहे. गोष्टीतला राक्षस मेला तरी म्हणतो, "अजून मार त्याला." आठ वर्षांची नात मात्र म्हणते, "आजी, एवढं नको, त्याने नुसते लाडूच पळवले होते." एकाच घरातली मुलं, मग हा फरक का?
(लोकमान्यनगर, इंदूर)

फरक वयाचा आहे, आणि तुमच्या घरात तो अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा दिसतो आहे. झिलमन आणि जेनिंग्ज ब्रायंट यांनी १९७५ मध्ये मुलांना एका चांगल्या आणि एका दुष्ट राजपुत्राची गोष्ट दाखवली. शेवट तीन केले: एकात दुष्टाला जवळजवळ माफी, दुसऱ्यात त्याच्या करणीएवढी शिक्षा, तिसऱ्यात प्रमाणाबाहेर शिक्षा. चार वर्षांच्या मुलांना शिक्षा जितकी मोठी तितका शेवट आवडला. सात-आठ वर्षांच्या मुलांना मधला शेवट सर्वांत आवडला. शिक्षेला माप असतं ही समज या तीन-चार वर्षांत येते.

वाईटाला शिक्षा होताना बघायची ओढही याच काळात ठळक होते. लायपझिगच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. त्यात एक बाहुली खेळणं परत द्यायची आणि दुसरी अडवून ठेवायची. पुढे त्या बाहुल्यांना मार बसू लागला आणि खेळ पडद्याआड गेला. पुढचं बघायचं तर हातातली नाणी द्यावी लागत, आणि त्याच नाण्यांवर स्टिकरही मिळत होते. सहा वर्षांच्या मुलांनी अडवणाऱ्या बाहुलीचा मार बघायला नाणी मोजली. त्याहून लहान मुलांमध्ये हे तितकं स्पष्ट दिसलं नाही. चिंपांझींनीसुद्धा खाऊ काढून घेणाऱ्या माणसाला मार बसताना बघायला जड दार ओढलं. तान्ह्या बाळांनाही भलंबुरं कळतं, असं २००७ च्या एका गाजलेल्या प्रयोगावरून सांगतात. अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला तेव्हा, २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात, तसं काही आढळलं नाही. तो दाखला सध्या बाजूला ठेवलेला बरा.

तुम्ही काय करावं? राक्षसाची शिक्षा गाळू नका, सपशेल माफीचा शेवट दोन्ही वयांच्या मुलांना अपुरा वाटतो. नातू "अजून मार" म्हणाला की त्याला रागवू नका, विचारा, "त्याने काय केलं होतं?" एवढ्या एका प्रश्नाने लक्ष मारावरून करणीकडे वळतं. मग शिक्षेला भरपाई जोडा: लाडू परत दिले, वर चार रात्री जागून नवे वळले. नातीला मात्र शिक्षा काय असावी ते ठरवू द्या. ती तुमच्यापेक्षा चोख माप काढेल.

मंडळाच्या गणेशोत्सवासाठी ४० मिनिटांची एकांकिका लिहिली आहे, संहिता सोबत पाठवत आहे. सोसायटीचा लबाड सेक्रेटरी शेवटी पकडला जातो. वाचनाला सगळे खूश होते, पण तालमीत शेवट सपक वाटतो. टाळी येईल असं वाटत नाही. कुठे चुकतं आहे?
(सुदामानगर, इंदूर)

संहिता वाचली. इतर वाचकांसाठी थोडक्यात: सेक्रेटरीने लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे खाल्ले आहेत, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढतात. शेवटी एक ऑडिटर येतो, वही तपासतो, चोरी उघड होते आणि पोलीस सेक्रेटरीला नेतात. त्याची लहान मुलगी दारात उभी राहून रडते. बाई तेव्हा दवाखान्यात आहेत.

दोष शेवटात नाही, पहिल्या वीस मिनिटांत आहे. पैसे खाल्ले ही गोष्ट आम्हाला दोन शेजाऱ्यांच्या बोलण्यातून कळते. ऐकलेल्या पापाचा राग येत नाही, बघितलेल्या पापाचा येतो. शिवाय अफरातफर ही कागदावरची गोष्ट, तिचा चटका कोणाला बसत नाही. बाई भाजीची पिशवी घेऊन पायरीवर टेकल्या आहेत, सेक्रेटरी वरून उतरतो, "बरंय बाई, फुकटात व्यायाम होतो" म्हणतो, आणि जाता जाता दाराबाहेर चपला ठेवल्याची ५० रुपयांच्या दंडाची पावती त्यांच्या हातात कोंबतो. हे सहाव्या-सातव्या मिनिटाच्या आत दाखवा. दोन लाख खाणाऱ्यापेक्षा हा ५० रुपयांचा माणूस प्रेक्षकांच्या जास्त डोक्यात जाईल, कारण असा माणूस प्रत्येकाने सोसलेला असतो.

अशा करणी तीन असाव्यात, चढत्या. दोन कमी पडतात, चौथीला प्रेक्षक कंटाळतो. पहिली क्षुद्र, दुसरी ज्यात तो खोटं बोलून सुटतो, तिसरी जिच्यानंतर त्याची बाजू घेणं कोणालाच शक्य नाही. तिसरी पंचविसाव्या मिनिटापर्यंत व्हायला हवी. शिशुपालाच्या शंभर अपराधांची गोष्ट इतकी वर्षं का चालली? आकडा आधी सांगितलेला आहे, म्हणून ऐकणारा प्रत्येक शिवीबरोबर मोजत बसतो. तुम्हालाही असं मोजायला काहीतरी द्यायचं आहे. ते तुमच्याकडे आहेच: पावतीपुस्तक.

आता पाडाव. तुमचा ऑडिटर अडतिसाव्या मिनिटाला पहिल्यांदा रंगमंचावर येतो. ज्याला आम्ही ओळखत नाही त्याने न्याय केला तर तो लेखकाने वरून टाकल्यासारखा वाटतो. खलनायकाला हार्ट अटॅक येतो किंवा गाडी उडवते, तिथेही हीच गत होते. अपघात अजिबात चालत नाही असं नाही, पण तो त्याच्याच करणीतून निघालेला हवा. म्हणून आमची सूचना: ऑडिटर काढून टाका. सेक्रेटरी स्वतःच त्या दुरुस्त न केलेल्या लिफ्टमध्ये अडकू द्या, दोन मजल्यांच्या मधोमध, सगळी सोसायटी बाहेर. बाईंनी शिक्षिकेच्या सवयीने प्रत्येक पावती फाइलला लावून ठेवलेली असू द्या. एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघतात आणि त्या जाळीतून आत सरकवल्या जातात. पावतीपुस्तक त्याआधी निदान दोनदा ठळक दिसलं पाहिजे, तिसऱ्यांदा ते उलटतं. एकदाच दिसलेली वस्तू प्रेक्षक विसरतो.

यात बाई समोर हव्यात. सोसणारा माणूस रंगमंचावर नसेल तर शिक्षा कोणासाठी झाली ते कळत नाही. त्यांना दवाखान्यातून परत आणा, किंवा मुळात पाठवूच नका. आणि सेक्रेटरीला कळलं पाहिजे. हे आम्ही सगळ्यांत महत्त्वाचं मानतो, आणि हौशी संहितांत हेच सगळ्यांत जास्त राहून जातं. गोलविट्झर आणि डेन्झलर यांच्या २००९ च्या प्रयोगात अन्याय झालेल्यांना परतफेडीची संधी दिली गेली. समोरच्याला नुसता फटका बसला एवढ्याने समाधान झालं नाही. हे कशाबद्दल भोगावं लागलं ते त्याला उमगलं, तेव्हाच झालं. तुमच्या सेक्रेटरीला पोलीस नेतात तेव्हा तो "माझा वकील बघून घेईल" म्हणतो. म्हणजे त्याला काहीच कळलेलं नाही. ते वाक्य काढा. त्याने पावत्यांकडे बघावं, मग बाईंकडे, एवढं पुरे. स्वतःच्या पापांची यादी सांगणारं लांब भाषण मात्र देऊ नका, त्यात प्रसंग थंड होतो.

शिक्षा कोणाच्या हातून होते यावरही बरंच अवलंबून असतं. "शोले"चा शेवट आठवा. मूळ चित्रीकरणात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने हरकत घेतली आणि १९७५ मध्ये लोकांनी पाहिला तो पोलीस येऊन गब्बरला पकडतात हा शेवट. चित्रपटाला त्याने काही कमी पडलं नाही, पण ज्याचे हात तोडले त्याच्या पायांनी हिशोब पुरा व्हायचा, त्याच्या मध्ये सरकारी गणवेश आला. तुमच्या एकांकिकेतले पोलीस हेच करताहेत. विनोदी अंगाच्या नाटकात बेडीची गरजही नाही. ज्यांच्यासमोर तो मिरवत होता त्यांच्यासमोर नाक कापलं गेलं, एवढं माप बरोबर बसतं.

मुलीला घरी ठेवा. रडणारं मूल दिसलं की प्रेक्षक क्षणात बाजू बदलतो. तुम्हाला तेच हवं असेल तर ते वेगळं नाटक आहे, आणि त्याची तयारी पहिल्या पानापासून करावी लागेल.

तालमीसाठी दोन गोष्टी. पाडाव बत्तिसाव्या-तेहतिसाव्या मिनिटाला सुरू होऊन तीन-चार मिनिटं चालावा. त्याने पावती ओळखल्यावर तीन-चार सेकंद कोणीही बोलू नये, हलू नये, प्रकाश त्याच्या आणि बाईंच्या चेहऱ्यावर असावा. बहुतेक टाळ्या इथे मरतात: नट घाबरून पुढचं वाक्य उरकतो किंवा प्रकाशवाला अंधार करून मोकळा होतो. त्यानंतर नाटक फार तर दीड मिनिट. बाईंच्या विजयाचं एकच वाक्य, तेही जमल्यास दुसऱ्या कशाबद्दल. जिंकलेला माणूस चारदा टोमणे मारू लागला की तोच नावडता होतो.

एक परीक्षा घ्या. नाटकाशी संबंध नसलेल्या चार जणांना तालमीला बसवा आणि पाडावाच्या आधी नाटक थांबवून विचारा: याने काय केलं, आणि याचं काय व्हायला हवं? पहिल्या प्रश्नाला "तो वाईट आहे" असं गोलमाल उत्तर आलं तर पहिला भाग पुन्हा लिहा. दुसऱ्याला चौघांनी तुमचाच शेवट अचूक सांगितला तर तो फार उघड झाला आहे. बरोबर ओळखला पाहिजे तो प्रकार, रीत नाही.

"मृच्छकटिक" वाचलं. शकार इतका नीच, तरी चारुदत्त त्याला सोडून देतो. मला राग आला. उलट "ऊरुभंगा"त दुर्योधनाला शिक्षा होते तर वाईट वाटलं. दुष्टाला शिक्षा झाली की आनंद होतो, हे खरं असेल तर माझं असं उलटं का होतं?
(उज्जैन)

तुमच्याच नगरातली गोष्ट असल्यामुळे राग जरा जास्त आला असेल! पण उलटं काही नाही. दोन्ही नाटककारांनी ही प्रतिक्रिया ठरवून घडवली आहे.

शकार हा राजा पालकाचा मेहुणा. सुरुवातीला तो हास्यास्पद आहे, पुराणांची खिचडी करतो, हनुमंताने सुभद्रेला पळवलं असलं काहीबाही बोलतो. आपण हसतो. आठव्या अंकात तो नायिका वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असं समजतो आणि खून गरीब नायक चारुदत्तावर ढकलतो. हसू जिथल्या तिथे थांबतं, आणि आधी हसलो होतो म्हणून नावड दुप्पट होते. दहाव्या अंकात वसंतसेना जिवंत परतते, वधस्तंभापर्यंत नेलेला चारुदत्त सुटतो, शकार सापडतो, लोक "मारा" म्हणतात, आणि चारुदत्त त्याला अभय देतो: शरण आलेल्या शत्रूला शस्त्राने मारू नये, उपकाराने मारावं. आमच्या मते हा शेवट पळवाट नाही. ज्याला तो दरिद्री म्हणून हिणवत होता त्याच्या पाया पडून जीव मागणं, हीच शकाराची शिक्षा आहे. पण ती वाचताना पुरेशी जाणवत नाही. रंगमंचावर शकाराचं लोळण आणि लोकांचा गलका दिसतो, तेव्हा जाणवते. प्रयोग बघायला मिळाला तर राग बराच उतरेल.

भासाने दुर्योधनाच्या बाबतीत उलटी युक्ती केली. "ऊरुभंग" एका अंकाचं आहे आणि द्रौपदीची विटंबना त्यात आपण बघत नाही. जे बघतो ते गदायुद्धाचा नियम मोडून मांड्या फोडलेला माणूस. त्याचा लहानगा दुर्जय नेहमीसारखा मांडीवर बसायला येतो आणि बापाला त्याला नको म्हणावं लागतं. अपराध पडद्यामागे, शिक्षा पडद्यापुढे, आणि तीही नियमबाह्य. मग कोणाचंही मन पालटेल. युद्ध आणि मरण प्रत्यक्ष दाखवू नये हा नाट्यशास्त्राचा दंडक, तरी भासाने दुर्योधनाचं मरण रंगमंचावर ठेवलं, ते उगाच नाही.

तिसरी तऱ्हा तेंडुलकरांची. "घाशीराम कोतवाल"मध्ये (१९७२) घाशीरामाने पुण्याला इतकं छळलेलं असतं की जमावाने त्याला ठेचलं तेव्हा आपल्याला सुटल्यासारखं वाटायला हवं. पण हुकमावर सही करणारा नाना तसाच उभा आहे, उत्सव चालू आहे, आणि घाशीराम घडवला त्याच नानाने. शिक्षा झाली पण चुकीच्या जागी संपली. तोंडात जी कडवट चव राहते तीच त्या नाटकाची कमाई आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने हा भेद फार पूर्वी केला होता: निखळ दुष्टाचा पाडाव बघून बरं वाटेल, पण त्यातून करुणा किंवा भीती उपजत नाही, म्हणून त्यावर शोकांतिका उभी राहत नाही. आणि दुष्ट कोणाला मानायचं हेही सगळीकडे सारखं नसतं. मंदसौरला खानपुऱ्यात रावणाची मूर्ती आहे. तिथला नामदेव समाज मंदोदरीला माहेरवाशीण आणि रावणाला जावई मानतो, बायका मूर्तीसमोरून जाताना घूंघट घेतात. जावई म्हटल्यावर दहनाच्या टाळ्या कोण वाजवणार?

मालिकेतल्या खलनायिकेला वर्षानुवर्षं शिक्षाच का होत नाही?
(महू)

कारण गोष्ट तीच चालवते. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर, प्रत्येकी जाहिराती वगळून २० ते २२ मिनिटं. एवढा मजकूर नायिकेच्या चांगुलपणातून निघत नाही. म्हणून मोठी शिक्षा शेवटच्या आठवड्यासाठी किंवा कथानक काही वर्षं पुढे उडी मारतं त्याच्या आधीसाठी राखून ठेवतात, आणि मधल्या काळात छोट्या फजित्या वाटतात: अंगावर पीठ सांडणं, डाव उलटणं, सासऱ्यांनी सुनावणं. अशी छोटी फजिती दोन-तीन आठवडे पुरते. मालिका कंटाळवाणी होते ती शिक्षा लांबल्यामुळे नव्हे, ती प्रत्येक वेळी एकाच रीतीने निसटते तेव्हा. दाराआड उभं राहून ऐकणारी आणि ऐनवेळी फुटणारी फुलदाणी ज्या मालिकेत तिसऱ्यांदा दिसेल, ती बंद करायला हरकत नाही.

मोबाइलवर उद्धट माणसांची फजिती झाल्याचे व्हिडिओ बघतो. रांगेत घुसणारा, वेटरवर ओरडणारा, त्यांना कोणीतरी धडा शिकवतं. मालिकेतल्या जावेवर टाळ्या वाजवण्यात आणि यात फरक काय?
(भंवरकुआं, इंदूर)

मनात होणारी क्रिया तीच, पण पुरावा वेगळा. नाटकात पात्राची सगळी करणी आपण बघितलेली असते, लेखकाने ती तेवढीच निर्माण केलेली असते. त्यापलीकडे त्या पात्राला आयुष्यच नाही. ४० सेकंदांच्या व्हिडिओत आधी काय झालं ते कापलेलं असतं, आणि कापणाऱ्याचाही हेतू असतो. मापही राहत नाही. रांगेत घुसण्याची शिक्षा म्हणजे चारचौघांत झापणं. लाखो लोकांनी बघणं, नोकरी जाणं, घरच्यांना धमक्या येणं ही राजपुत्रांच्या गोष्टीच्या तिसऱ्या शेवटातली शिक्षा झाली, चार वर्षांच्या मुलाला आवडणारी.

प्रत्यक्ष बदल्याबद्दलचा आपला अंदाजही चुकतो. कार्ल्समिथ, विल्सन आणि गिल्बर्ट यांच्या २००८ च्या प्रयोगात पैशांच्या खेळात फसवणाऱ्याला दंड करायची मुभा काहींना दिली, काहींना नाही. दंड करणाऱ्यांना नंतर इतरांपेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण ते त्या माणसाचा विचार करत राहिले. ज्यांना संधी मिळाली नाही ते विसरून गेले. नाटकात पडदा पडतो आणि विषय तिथेच मिटतो. व्हिडिओखाली तुम्ही काही लिहिलंत की तो मिटत नाही, उत्तरं बघायला तुम्ही पुन्हा पुन्हा जाता. बघायचेच असतील तर ज्यात चेहरा दिसत नाही किंवा जे उघडपणे रचलेले आहेत ते बघा. रचलेले पुष्कळ असतात, आणि मजा तेवढीच येते.

मी आमच्या हौशी गटात कायम खलनायक करतो. प्रयोगानंतर काही प्रेक्षक खरोखरच तुसडेपणाने वागतात. त्यांना नट आणि पात्र वेगळं कळत नाही का?
(स्नेहलतागंज, इंदूर)

कळतं, पण मन ते लगेच अमलात आणत नाही. इस्रायलमध्ये २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात प्रेक्षकांनी पात्राचे गुणदोष नटाला चिकटवले. एकाच नटाला दोन विरुद्ध भूमिकांत दाखवलं तरी शेवटी पाहिलेल्या भूमिकेचा रंग जास्त लागला. निळू फुले सेवा दलातून आलेले, सामाजिक कामात बुडालेले, पण पडद्यावरच्या पाटलामुळे बायका त्यांना प्रत्यक्षातही वचकून असत. ललिता पवारांच्या वाट्याला वर्षानुवर्षं खाष्ट सासू आणि वर मंथरा आली. त्यामानाने तुमचे प्रेक्षक सौम्य आहेत.

शेवटी पाहिलेला रंग टिकतो, याचाच उपयोग करा. पाडावाच्या प्रसंगातून थेट प्रेक्षकांत जाऊ नका. पात्रपरिचयाला टोपी, मिशी, काठी, जे काही त्या पात्राचं असेल ते काढून या. ज्या नटीला नाटकात छळलंत तिच्या शेजारी उभे राहा आणि तिच्याशी काहीतरी बोला, प्रेक्षकांना ते दिसलं पाहिजे. नाव पुकारल्यावर दात-ओठ खाऊन दाखवायचा मोह होतो, टाळ्याही पडतात, पण मग पार्किंगमध्ये तुसडेपणा ठरलेला. आणि रंग उतरवल्याशिवाय चहाच्या टेबलाकडे फिरकू नका.